वकीलसाहेब आणि चढून राहिलेलं पाणी

इंगोले वकिलांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते उभे होते, पण फार वेळ नाही. बँकेनं माझी अकोल्याहून अमरावतीला बदली केली होती आणि बडनेऱ्याच्या वाटेवर एक प्लॉट पाहून ठेवला होता. कागदपत्रं तपासायला कोणीतरी त्यांचं नाव सुचवलं. ते कोर्टातून थेट आले, काळ्या कोटात. सात-बारा वाचला, फेरफार वाचला, कागद घडी करून माझ्या हातात दिले. मग खिशातून रुमाल काढला, प्लॉटच्या मधोमध गाजरगवत बाजूला सारलं, रुमाल डोक्याखाली घेतला आणि चक्क उताणे झोपले.

प्लॉटमालक, दलाल आणि मी असे तिघं त्यांच्याभोवती उभे राहिलो. त्यांना चक्कर आली असावी असं समजून दलाल पाणी आणायला निघाला. वकिलांनी डोळे न उघडता हात वर करून त्याला थांबवलं. बऱ्याच वेळानं उठले, कोट झटकला आणि म्हणाले, "कागद बरोबर हाय. जमीनबी बरोबर हाय. माहा डोळा लागून राहिला होता, ह्या दलालाच्या चपलांनी मोडला. घ्या बिनधास्त."

मी घेतला. त्या घरात मला उत्तम झोप लागते. खरं सांगायचं तर मला बँकेतही लागायची, पण ते श्रेय मी वकिलांनाच देतो.

पुढे ते मागच्या गल्लीतच राहतात असं कळलं आणि शेजार जमला. माणूस मूळचा चांदूर बाजारकडचा, जाडजूड, आणि चेहऱ्यावर काही म्हणता काही उमटायचं नाही. निकाल आपल्या बाजूनं लागला की विरुद्ध, हे अशिलाला त्यांच्या तोंडाकडे पाहून कधी समजलं नाही. काही अशील हरूनसुद्धा पेढे वाटून मोकळे झाले. धुऱ्याची भांडणं, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधाचे दावे, ही त्यांची खासियत. कोर्टातही ते वऱ्हाडीच बोलत. पुण्याकडून बदलून आलेल्या एका न्यायाधीशांना त्यांनी सांगितलं, "साहेब, माहा साक्षीदार येऊन राहिला." न्यायाधीश म्हणाले, "आला आहे ना? मग उभा करा." साक्षीदार त्या वेळी परतवाड्याच्या यष्टीत होता. आमच्याकडे 'येऊन राहिला' म्हणजे तो अजून वाटेत आहे, हे त्या साहेबांना समजावण्यात एक तारीख गेली.

वकिलांची मुलगी अश्विनी शाळेत जायला लागली तेव्हाच त्यांची बायको वारली. आईविना पोर एकट्यानं वाढवायची म्हणजे काय, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. फक्त एकदा म्हणाले, "सोमवार ते शनिवार शाळा असते, भाऊ. घोळ रयवारचा हाय. रयवारी पोरीचं काय करा लागते, थे मले कोनी सांगतलंच नाई." मग रविवारचा उपाय म्हणून ते तिला मेळघाटात घेऊन जाऊ लागले. अमरावतीची माणसं चिखलदऱ्याला जातात, पॉइंट पाहतात, मक्याची कणसं खातात आणि फोटो घेऊन परत येतात. हे बापलेक मात्र घाट उतरून खाली सिपना नदीच्या काठावर जायचे. तिथे डोंगर दोन्ही बाजूंनी इतके जवळ येतात की ऊन उशिरा येतं आणि लवकर निघून जातं. नदीच्या वळणावर सागाच्या झाडांमध्ये तंबूंसाठी सपाट केलेल्या चार-सहा जागा, दगडांची एक चूल, एक नळ आणि दोन संडास, त्यांतल्या एकाला कडी. एवढाच तो कॅम्प. वकील त्याच्यावर इतके खूश होते की कडी नसलेल्या संडासाबद्दलही "तिथं हवा चांगली येते" असं सांगायचे.

पुढे माझी गाडी आली आणि मीही त्या फेऱ्यांत ओढला गेलो. त्यांची तयारी पाहण्यासारखी असे. तंबूला ते पाल म्हणत. पाल असायचंच, पण त्याआधी डिकीत पाटा-वरवंटा जायचा, कारण "मिक्सरची चटनी जंगलात चालत नाई." त्यानंतर पोतंभर गोवऱ्या. जंगलातली काडी उचलायला मनाई आहे, आणि कायदा पाळायचा तर जळण घरून न्यायचं, हे त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांवरच भाजायचे असतात हे मीही अकोल्याचा असल्यानं जाणतो. पण माझ्या गाडीला जो वास लागला तो ती विकेपर्यंत गेला नाही, आणि विकताना त्यामुळे भाव पडला असं बायकोचं आजही म्हणणं आहे.

तिथे पोचल्यावर ते प्रत्येक जागेवर आडवे होऊन पाहायचे आणि मगच पाल ठोकायचे. माणसांबद्दलही त्यांची अशीच पद्धत होती. कोणाशी भागीदारी करू का, कोणाला घर भाड्यानं देऊ का, असं विचारायला आलेल्याला ते सांगत, "त्याच्यासंगं एक रात्र बाहीर काढा. घरात सारेच सज्जन असतात. त्याच्या सोताच्या घरात तं पाहूच नोका." बहुतेक लोक हा सल्ला ऐकून दुसऱ्या वकिलाकडे जात.

अश्विनी शिकली, पुण्याला नोकरीला लागली आणि तिथे तिनं निखिल लिमये नावाचा मुलगा पसंत केला. सुट्टीत येऊन तिनं बापाला सांगितलं. वकील म्हणाले, "पाहू." दिवाळी गेली, संक्रांत गेली, वकिलांचं पाहणं संपेना. जातीचा मुद्दा नव्हता. तो असता तर त्यांनी तो मुद्देसूद मांडला असता. मुलगा चांगला आहे हेही त्यांना मान्य होतं. फक्त तोंडातून 'हो' निघत नव्हतं. एकदा अश्विनी माझ्याकडे आली आणि आमच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. "काका, बाबांनी हो म्हटल्याशिवाय मी लग्न करणार नाही, आणि दुसऱ्या कोणाशी तर करणारच नाही. त्यांना हे माहीत आहे. तरी बोलत नाहीत." मी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, "पोरगं पाह्यलं. घर नाई पाह्यलं." मी म्हटलं, मग पुण्याला जाऊन पाहून या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला त्यांचाच एक रात्र बाहेर काढायचा सल्ला आठवला.

शेवटी ठरलं ते असं: लिमये कुटुंबानं मेळघाटात यायचं आणि सिपनेच्या काठी एक रात्र काढायची. निखिलनं आईवडिलांना 'कॅम्पिंग' एवढंच सांगितलं, बाकीचं सांगायचं त्याला धैर्य झालं नसावं. दसरा होऊन गेला होता, नदीला पाणी होतं, आणि परतीचा पाऊस अजून परतायचा होता. सुधीर लिमये विमा कंपनीतून निवृत्त झालेले, शिस्तीचे गृहस्थ. गाडीतून उतरल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहून विचारलं, "रिसेप्शन कुठे आहे?" त्यांच्या पत्नी वैशालीताईंनी आपली पर्स छातीशी धरली ती संध्याकाळपर्यंत सोडली नाही.

लिमयांनी तंबूसाठी नदीलगतची जागा निवडली, कारण तिथून पाणी छान दिसत होतं. वकील तिथे आडवे झाले, उठले आणि म्हणाले, "इथं नोका झोपू. ही पान्याची झोपाची जागा हाय." लिमयांना ते काव्य वाटलं. "वा!" ते म्हणाले आणि तंबू तिथेच लागला. पुस्तक घेऊन तंबूत शिरताना त्यांनी हातपाय धुवायला गरम पाणी मिळेल का असं विचारलं. मी चुलीवर पातेलं ठेवलं.

चार वाजून गेल्यावर चिखलदऱ्याच्या बाजूला आभाळ काळं झालं. आमच्याकडे थेंब नव्हता. आम्ही चुलीपाशी होतो, अश्विनी रोडग्यांची कणीक मळत होती, निखिल वरवंट्याशी झटापट करत होता. कॅम्पचा चौकीदार वरच्या नाक्यावर गेला होता. वकील नदीकाठी उभे राहून एका दगडाकडे एकटक पाहत होते. थोड्या वेळानं तो दगड दिसेनासा झाला. ते लिमयांच्या तंबूपाशी गेले. मी पातेल्याखालचा जाळ सारखा करत होतो, मला सगळं स्वच्छ ऐकू आलं.

"लिमये साहेब, पानी चढून राहिलं."

"हो का? छान," आतून आवाज आला.

वकील परत आले. पुन्हा नदीकडे गेले, पुन्हा तंबूपाशी गेले. आता आवाज जरा मोठा होता. "साहेब, पानी येऊन राहिलं."

"आलं? बरं झालं. ठेवा बाहेरच."

वकील माझ्यापाशी येऊन उभे राहिले. त्या दगडी चेहऱ्यावर मी प्रथमच काहीतरी हललेलं पाहिलं. "भाऊ, मानूस लय धीराचा हाय," ते म्हणाले. "नदी दारात येऊन राहिली तं म्हनते, ठेवा बाहीर." आणि मग, स्वतःशीच बोलल्यासारखे, "अशा घरी पोरगी कशी द्याव?"

यातला घोळ माझ्या ध्यानात येण्याआधीच वैशालीताई ओरडल्या. पाणी तंबूत शिरलं होतं. अश्विनी कणकेच्या हातांनीच धावली. तिनं वैशालीताईंना दंडाला धरून बाहेर काढलं आणि चढावर नेऊन सोडलं, मगच मागे पाहिलं. निखिलनं वडिलांना ओढलं. लिमये चष्मा शोधत होते, तो त्यांच्या डोळ्यांवरच होता. वकील गुडघाभर पाण्यात तंबूची दोरी धरून उभे राहिले. तंबू जायला निघाला होता आणि ते त्याला जाऊ देत नव्हते. अश्विनी वरून ओरडली, "बाबा, सोडा! सोडा ना ते!" तिचा आवाज फाटला होता. त्यांनी सोडलं तेव्हा ते पाण्यात बसले आणि तंबू दोन बॅगा आणि लिमयांचं पुस्तक घेऊन वळणापलीकडे गेला. मी आणि निखिलनं त्यांना काखेत हात घालून बाहेर काढलं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

पाणी आणखी चढलं नाही. रस्त्यावरच्या फरशीवरून, म्हणजे ठेंगण्या पुलावरून, मात्र ते वाहत होतं, त्यामुळे कोणी कुठे जाण्याचा प्रश्नच नव्हता. सगळे चुलीभोवती बसले. लिमयांनी वकिलांची लुंगी आणि माझा स्वेटर घातला होता, वैशालीताई अश्विनीच्या ट्रॅकसूटमध्ये होत्या. रोडगे फोडून तुपात बुडवले, वर वांग्याची भाजी. पहिल्या घासाला लिमयांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते भाजीमुळे, की दिवसभराच्या हिशेबानं, हे सांगता येणार नाही.

"हे नातं आम्हाला झेपणारं नाही," लिमये म्हणाले. निखिल "बाबा" म्हणाला, त्याला त्यांनी हातानं गप्प केलं. "रस्ता मोकळा झाला की आम्ही निघू. राग नाही. पण माझी बायको आज वाहून गेली असती. वकीलसाहेब, तुम्ही आम्हाला साधं सांगितलं का नाहीत?"

अश्विनी हातातला रोडगा तसाच धरून बापाकडे पाहत होती.

"दोनदा सांगतलं," वकील म्हणाले. "तोंडी नोटीस दिली. साक्षीदार हाय." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी वांग्यात लक्ष घातलं.

"तुम्ही म्हणालात, पाणी चढून राहिलं. म्हणजे चढलं आणि राहिलं. मी म्हटलं, राहिलं तर राहिलं."

"राहिलं असतं तं सांगाले कायले आलो असतो?"

अश्विनी मध्ये पडली आणि लिमयांना म्हणाली, "काका, आमच्याकडे 'चढून राहिलं' म्हणजे 'चढतंय'. अजून चालू आहे असं. 'येऊन राहिलं' म्हणजे 'येतंय'."

लिमयांनी ते मनात लावून पाहिलं. "आणि मी..."

"तुमी म्हनाले, ठेवा बाहेरच," वकील म्हणाले.

"अहो, मला वाटलं गरम पाणी आलं!"

वैशालीताईंनी ताट खाली ठेवलं आणि त्या हसायला लागल्या. आधी पदर तोंडाला लावायला गेल्या, तो ट्रॅकसूटला नव्हता, मग नुसत्याच हसत राहिल्या. निखिल हसला, मी हसलो. वकील तेवढे हसले नाहीत. त्यांनी रोडगा बाजूला ठेवला.

"म्हंजे तुमाले समजलंच नव्हतं?"

"नाही."

"म्हंजे तुमी धीराचे नाई?"

"मी?" लिमये म्हणाले. "अहो, मला पोहता येत नाही. मी गच्चीच्या कठड्यापाशीसुद्धा जात नाही."

वकिलांनी चुलीतली गोवरी सारखी केली. मग बोलले ते चुलीलाच सांगितल्यासारखं. "मले वाटलं, नदी दारात आली तरी ज्याच्या हातातलं पुस्तक खाली ठेवल्या जात नाई, त्याले दुसऱ्याच्या पोरीची काय काळजी वाटन? मी तसा नाई, साहेब. मी भेतो. पोरगी पुन्याले गेली तवापासून भेऊन राहिलो."

लिमयांनी घास थांबवला. आता त्यांना व्याकरण येत होतं. "म्हणजे... अजून?"

"हाव. अजून."

"मीसुद्धा," लिमये म्हणाले. "निखिल मोटरसायकल घेऊन बाहेर पडला की तो परत येईपर्यंत मी गॅलरीत असतो. हिला विचारा."

"मंग जमते," वकील म्हणाले. "वांगं घ्या, व्याही."

त्यांनी दिलेला होकार तो एवढाच. अश्विनी उठली आणि कोणाचं जेवण झालेलं नसताना ताटं घासायला नळावर गेली. ती बराच वेळ आली नाही. वकिलांनी मान वळवून त्या दिशेला पाहिलं आणि निखिलच्या ताटात तूप वाढलं, मग चुकून माझ्याही, मग पुन्हा निखिलच्या.

लग्न अमरावतीला झालं. रीतसर झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही, एवढंच की मंगल कार्यालय ठरवण्याआधी वकील स्टेजवर आडवे होऊन आले होते. त्यानंतर लिमये दर वर्षी दसऱ्यानंतर मेळघाटात येऊ लागले, स्वतःचा तंबू घेऊन, चढावरच्या जागेवर. दोघं व्याही नदीकाठी खुर्च्या टाकून बसत आणि एकमेकांना आपल्याला कशाकशाची भीती वाटते ते सांगत. मी त्या गप्पा ऐकल्या आहेत. दोन माणसं इतकी मनमोकळी बोलताना मी फार कमी पाहिली.

वकील मे महिन्यात गेले. कोर्टाला सुट्टी होती. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठलेच नाहीत. मला शेजारणीनं बोलावलं. मी गेलो तेव्हा चेहरा नेहमीसारखाच होता, त्यामुळे मला कितीतरी वेळ कळलंच नाही, मी हाका मारत राहिलो. पुण्याची मंडळी आली. लिमये लहान मुलासारखे नाहीत, मोठ्या माणसासारखे, पण सगळ्यांसमोर रडले. अश्विनी रडली नाही. ती आल्यागेल्याला पाणी देत होती, कागद शोधत होती, माणसांना बसा म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बैठकीच्या खोलीत सतरंजीवर बसल्या बसल्याच कलंडली आणि तिला झोप लागली. अमरावतीची मे महिन्यातली दुपार, बाहेर लू वाहत होती, कूलर नुसताच ओरडत होता. मी दाराशी बसलो होतो. वैशालीताई आतून आल्या, हातात जाड सोलापुरी चादर. ती त्यांनी अश्विनीच्या अंगावर घातली आणि पायांखाली नीट खोचली.

"वैशालीताई," मी हळू आवाजात म्हटलं, "घामाघूम होईल पोर."

त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. "त्या कॅम्पवर," त्या म्हणाल्या, "सकाळी आम्ही निघायच्या आधी वकीलसाहेबांनी मला बाजूला बोलावलं. मला वाटलं, देण्याघेण्याचं बोलतील. ते म्हणाले, 'पोरगी गुनाची हाय. फक्त झोपेत पांघरून फेकते. माय नाई तिले, मी उठून टाकत होतो. आता तुमी टाकत जाजा.' मी हो म्हटलं त्यांना."

कूलरमधलं पाणी संपत आलं होतं, त्याचा आवाज बदलला.

"उन्हाळ्याचं ते काही बोलले नव्हते," वैशालीताई म्हणाल्या.

अश्विनीनं झोपेतच पाय झाडला आणि चादर दूर लाथाडली. वैशालीताई पुन्हा उठल्या.